अल्ट्रासॉनिक क्लीनर: इंजिनचे तेलकट भाग धुण्यासाठी कितपत कामाचा?

हीटर असलेला सहा लिटरचा अल्ट्रासॉनिक क्लीनर गेले कित्येक महिने माझ्या घरच्या वर्कशॉपमध्ये राबतो आहे. दुचाकीची इंजिनं, कार्बोरेटर, मधूनच एखाद्या पंपाचं किंवा जनरेटरचं छोटं इंजिन, असं माझं काम. मत आधीच सांगून टाकतो. कार्बोरेटरसाठी याला तोड नाही. पण ग्रीस आणि मातीने माखलेलं क्रँककेसचं झाकण आत सोडायचं, बटण दाबायचं आणि चकाचक बाहेर काढायचं, अशा आशेने घेणार असाल तर पैसे वाचवा. जाड थर हातानेच काढावा लागतो.

याचं कारण यंत्र चालतं कसं त्यातच आहे. टाकीच्या तळाला बाहेरून चिकटवलेले ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेवर थरथरणारे तुकडे, सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा थरथरतात. त्यामुळे पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि तयार होताहोताच फुटतात. धातूला लागून फुटताना ते मळ उचकटतात. हा मार टणक आणि पातळ थरावर चांगला बसतो. मऊ, चिकट, बोटभर जाडीचं ग्रीस मात्र तो मार गिळून टाकतं. म्हणून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, रॉकेलमध्ये भिजवून ताठ केसांच्या ब्रशने घासायचं आणि साबणाच्या पाण्याने रॉकेल पूर्ण घालवून मगच भाग टाकीत सोडायचा. ही पायरी गाळली तर वीस मिनिटांत टाकीतलं पाणी काळं होतं आणि भाग तसाच्या तसा.

कार्बोरेटरची गोष्ट वेगळी. पायलट जेटचं, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तोटीचं, भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. उभ्या राहिलेल्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला डिंकासारखा थर नेमका तिथे बसतो. स्प्रे मारून, हवा मारून भोकातून उजेड दिसतो, गाडी सुरूही होते, पण आयडलला (ॲक्सिलरेटर न देता मंद चालताना) अडखळते. कारण इमल्शन ट्यूबच्या (पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या नळीच्या) आडव्या भोकांत आणि बॉडीतल्या आतल्या वाटांत थर तसाच असतो. त्या वाटांत ब्रश जात नाही. तार घालणं तर गुन्हाच: पितळ मऊ, भोक किंचित जरी मोठं झालं तरी मिश्रणाचं प्रमाण बदललं. टाकीत मात्र जिथे पाणी पोचतं तिथे सफाई पोचते. बॉडी पाण्यात सोडली की थोड्या वेळाने आतल्या वाटांच्या तोंडातून तपकिरी रेघ धुरासारखी बाहेर यायला लागते. ती थांबेपर्यंत मी बॉडी काढत नाही.

पाणी पोचतं तिथेच सफाई, हे मात्र शब्दशः घ्यायचं. वाटेत हवा अडकली असेल तर तिथे काहीच होत नाही. म्हणून बॉडी बुडवताना हळूहळू तिरकी करायची, सगळे बुडबुडे वर येऊ द्यायचे आणि दर पाच-सात मिनिटांनी बाजू बदलायची. जेट, सुया आणि बारीक स्क्रू मी काचेच्या छोट्या बरणीत, त्याच द्रावणात घालून बरणी टाकीत ठेवतो. काचेतून लहरी आरामात जातात आणि काही हरवत नाही. ओ-रिंग, रबरी डायफ्रॅम, प्लास्टिकचा फ्लोट हे सगळं आधीच काढून बाजूला.

द्रावणावर अर्धं यश अवलंबून असतं, आणि नवशिक्यांचं दुर्लक्ष होतं ते इथेच. नुसत्या पाण्याने तेल सुटत नाही. मी पाण्यात मिसळायचं, सौम्य अल्कधर्मी, ॲल्युमिनियमला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं डिग्रीझर (तेल-ग्रीस सोडवणारं रसायन) वापरतो. ॲल्युमिनियमसाठी कॉस्टिक सोडा असलेलं काहीही नको, मग ते ओव्हन साफ करायचं असो की नाली मोकळी करायचं. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, हायड्रोजन सुटतो, भाग काळा पडतो आणि गॅस्केट बसायची सपाट कडही खराब होते. काही कार्बोरेटर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, ते तर आणखी नाजूक. त्यांना थोडा थोडा वेळ द्यावा, मधेमधे काढून बघावं.

उष्णतेचंही तसंच. ५० ते ६० अंश सेल्सिअसला द्रावण सर्वांत जोमाने काम करतं. पाणी उकळायच्या जवळ नेलं तर बुडबुड्यांत वाफ भरते आणि त्यांचा फुटण्याचा जोर कमी होतो, म्हणून जास्त तापवून फायदा नाही. माझ्या यंत्राचा हीटर ३०० वॉटचा. सहा लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला हिशेबानेच जवळजवळ ५० मिनिटं लागतात, आणि प्रत्यक्षात झाकण लावूनही त्याहून जास्त. मी सरळ गरम पाणीच ओततो, हीटर फक्त तापमान राखतो. ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते, ती निघेपर्यंत यंत्र पाचेक मिनिटं रिकामंच चालवायचं, भाग नंतर सोडायचे. रिकामं म्हणजे भागांशिवाय, पाण्याशिवाय नव्हे. पाणी खुणेच्या खाली असताना यंत्र चालवलं तर ट्रान्सड्यूसर आणि हीटर दोन्ही जातात.

यंत्र नीट चालतंय का हे बघायला घरची ॲल्युमिनियम फॉइल पुरते. उभी धरून मिनिटभर बुडवली की तिच्यावर सगळीकडे बारीक खळगे आणि भोकं पडलेली दिसली पाहिजेत. एखादा पट्टा कोराच राहिला तर तिथला ट्रान्सड्यूसर थकलाय असं समजायचं. फॉइल चिमट्याने धरावी, चालू टाकीत बोटं घालू नयेत. भाग कधीही तळावर थेट ठेवू नये, जाळीच्या टोपलीतच ठेवावा. नाहीतर तळाचा पत्रा घासला जातो आणि ट्रान्सड्यूसरवर ताण येतो.

पेट्रोलबद्दल थोडं कडकच लिहितो, कारण अजूनही अनेक जण भाग पेट्रोलने धुतात. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरकत जाते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या ठिणगीपर्यंत पोचते. त्यात बेंझीन असतं, ते वाफेतून आणि कातडीतूनही अंगात जातं. अल्ट्रासॉनिकच्या टाकीत पेट्रोल, थिनर, रॉकेल यांपैकी काहीही ओतायचं नाही, हीटर बंद असला तरी नाही. वीज आणि ज्वलनशील द्रव एका डब्यात नको. रॉकेलची वेगळी बादली ठेवा, तीही मोकळ्या हवेत, हातात नायट्राइलचे हातमोजे घालून. लॅटेक्सचे मोजे तेलात फुगतात आणि फाटतात. वेल्डिंग करणार असाल तर क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने धुतलेला भाग पूर्ण कोरडा झाल्याशिवाय आर्क लावू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

पिस्टनच्या डोक्यावरची आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरची भाजलेली काजळी यात सुटत नाही. मऊ होते, कडा उचलल्या जातात, पण शेवटी पितळी ब्रश आणि प्लास्टिकची पट्टी घ्यावीच लागते. तरी आधी टाकीत ठेवलं की ती घासाघीस निम्म्यावर येते. पिस्टन रिंगच्या खाचा मात्र सुरेख निघतात. सीलबंद बेअरिंग टाकीत घालू नका, आतलं ग्रीस धुतलं जातं आणि पाणी आत राहतं. रंग दिलेले आणि ॲनोडाइज्ड (विजेच्या प्रक्रियेने वर संरक्षक थर चढवलेले) भागही दूर ठेवा.

धुऊन झाल्यावरचा वेळ सर्वांत महत्त्वाचा. लोखंडी आणि पोलादी भागांवर बघताबघता तांबूस गंज चढतो. गरम स्वच्छ पाण्यात खंगाळायचं, लगेच कॉम्प्रेसरची हवा मारायची आणि भाग कोमट असतानाच तेलाचा हात फिरवायचा. ओतीव लोखंडाच्या सिलिंडरला तर मी यंत्र बंद करायच्या आधीच तेलाची चिंधी तयार ठेवतो. कार्बोरेटरच्या प्रत्येक वाटेत हवा मारायची, पण डोळ्यांवर चष्मा हवाच. वाटेतलं पाणी दुसऱ्याच भोकातून थेट तोंडावर येतं.

तक्रारीही आहेत. माझ्या यंत्राच्या पडद्यावर ६० दिसतं तेव्हा थर्मामीटर बऱ्यापैकी कमी दाखवतो, म्हणून मी थर्मामीटरवरच विश्वास ठेवतो. निचऱ्याचा कॉक गाळाने तुंबतो, मग टाकी हाताने उपसावी लागते. आवाज कर्कश आहे आणि बंद खोलीत डोकं उठतं. मी झाकण लावतो, कानात बोळे घालतो आणि शक्यतो खोलीबाहेरच थांबतो. तळाच्या पत्र्यावर मंद, खरखरीत डाग दिसायला लागलेत. बुडबुडे टाकीलाही थोडं थोडं खातातच, ती झीज धरूनच चालायची.

वापरलेलं द्रावण गटारात ओतू नये. बादलीत झाकून रात्रभर ठेवलं की तेल वर येतं, गाळ खाली बसतो. वरचं तेल काढून इंजिन ऑइलच्या जुन्या डब्यात साठवायचं आणि वापरलेलं तेल गोळा करणाऱ्याकडे द्यायचं. मधलं द्रावण गाळून पुन्हा चालतं, जोर कमी वाटला की बदलायचं. खालच्या गाळात धातूचा चुरा असतो, तोही तेलाबरोबरच द्यावा.

मापाबद्दल एवढंच, की जाहिरातीतले लिटर टाकीच्या काठापर्यंतचे असतात आणि टोपली त्याहून बरीच लहान असते. सहा लिटरमध्ये दुचाकीचा एक कार्बोरेटर ऐसपैस बसतो, एका सिलिंडरचं छोटं हेड कसंबसं. चार कार्बोरेटरची जोडलेली रांग अजिबात बसत नाही. तुम्हाला धुवायचा सर्वांत मोठा भाग टेपने मोजा, टोपलीच्या आतल्या लांबी-रुंदी-उंचीशी ताडून बघा आणि मगच ऑर्डर द्या.