मोफत हीट पंप म्हणून सही केली, निघाला दहा वर्षांचा भाडेकरार

कॅनडात, ऑन्टारिओतल्या आमच्या छोट्या गावात गॅसची लाइन नाही. घर तापवायला बेसमेंटमध्ये तेलाची टाकी आहे, हिवाळाभर ट्रक येऊन ती भरून जातो. २०२३च्या नोव्हेंबरात संध्याकाळी एक तरुण दारात उभा राहिला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट. म्हणाला, "ऑइलची फर्नेस काढून हीट पंप बसवायला केंद्र सरकार १०,००० डॉलरपर्यंत देतंय. तुम्ही त्यात बसता का, ते बघायला आलोय." फर्नेस म्हणजे घर तापवणारी भट्टी, आणि हीट पंप म्हणजे तेच काम विजेवर करणारं यंत्र.

हे खोटं नव्हतं, आणि नेमकं त्यामुळेच आम्ही फसलो. वर्षाला किमान ५०० लिटर तेल लागणाऱ्या, मध्यम किंवा त्याहून कमी उत्पन्नाच्या घरांसाठी अशी योजना खरोखर होती, पैसेही आगाऊ मिळत. ह्यांनी रात्री सरकारी संकेतस्थळ उघडून बघितलं तर आकडे तंतोतंत जुळले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तेलाच्या बिलाचा फोटो काढला आणि "हा अनुदानाचा अर्ज" म्हणत टॅब्लेट पुढे केला. मी बोटाने सही केली. सासूबाईंनी त्याला चहासुद्धा दिला.

आठवड्यात पंप बसला. जानेवारीपासून खात्यातून दरमहा १५९ डॉलर जायला लागले. फोन केला की एकच उत्तर, "अनुदान आलं की वळतं होईल." अनुदान येणार कुठून? अर्ज कुणी केलाच नव्हता. मी सही केली होती ती दहा वर्षांच्या भाडेकरारावर. पंपही आमचा नव्हता.

खरा धक्का मे महिन्यात बसला. मॉर्गेज दुसऱ्या बँकेत न्यायचं ठरवलं, तेव्हा वकिलांनी सांगितलं की घराच्या नोंदीवर २८,००० डॉलरचा बोजा आहे. गावाकडे सातबाऱ्यावर चढवतात, अगदी तसा. आम्हाला एका शब्दाने कळवलेलं नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

बोलावल्याशिवाय दारात येऊन फर्नेस, एसी, वॉटर हीटर अशा वस्तूंचे करार करायला ऑन्टारिओत १ मार्च २०१८ पासून बंदी आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. वकिलांनी त्याच कायद्यावर बोट ठेवून कंपनीला पत्र धाडलं. जून २०२४ मध्ये नवा कायदा झाला आणि घरगुती वस्तूंसाठी चढवलेले असे बोजे रद्द ठरले. त्यात आमचाही सुटला. भाड्याचा वाद अजून चालू आहे. बँकेला सांगून हप्ता थांबवलाय, पण वसुलीचे फोन येतात.

सरकार अनुदानासाठी दारोदार माणसं पाठवत नाही. अर्ज घरमालकाने स्वतः करायचा असतो. सही करून बसला असाल तर कराराची प्रत मागा, त्यात 'रेंटल' किंवा 'लीज' हे शब्द शोधा, आणि आजच वकिलाकडून घराची नोंद तपासून घ्या.

गणपतीत मंडळात हे सांगितलं, तेव्हा आणखी दोन घरं निघाली. त्यातल्या एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मुलाला न कळता हे सोडवता येईल का गं?"