साडेसातशे किलोची बोट आणि घोटीचा वजनकाटा

नाशिकमध्ये जुन्या ट्रॅक्टरची, पिकअपची, द्राक्षाच्या मळ्यातल्या ब्लोअरची पारख करणारा माणूस चौकाचौकात सापडतो. जुनी फायबर बोट बघून "भाऊ, ही घेऊ नका" म्हणणारा मात्र शोधून मिळत नाही, कारण इथे तिचा बाजारच नाही. समुद्राकाठचे दलाल हे चांगलं ओळखून असतात. घाटावरचं गिऱ्हाईक आलं की त्यांना कळतं, हा माणूस रंग बघणार, इंजिनाचा आवाज ऐकणार आणि पैसे मोजणार. आम्हाला असंच साफ लुबाडलं. कुठे काय लपवलं होतं ते आता बोट ठोकून, भोकं पाडून बघितल्यामुळे नीट सांगता येतं, म्हणून हे लिहितोय.

इगतपुरी तालुक्यातल्या एका धरणावर आम्हा तिघांचे तिलापियाचे पिंजरे आहेत. मी, माझा मेहुणा आणि त्याचा मित्र. खाद्याच्या गोण्या न्यायला आणि काढलेला मासा आणायला छोटी होडी पुरत नव्हती. पावसाळ्यात घाटातून वारं सुटलं की धरणावर अशा लाटा उठतात की गोण्या भरलेली होडी सांभाळणं कठीण. म्हणून सेंटर कन्सोल बोट शोधत होतो. हिच्यात स्टिअरिंग आणि मीटर मधोमध एका खांबावर असतात, केबिन नसते, कडेने चारही बाजूंना फिरता येतं. मूळची ही समुद्रात गळ टाकून मासेमारी करणाऱ्यांची बोट, पण जाळी ओढायला आणि माल ठेवायलाही सोयीची.

मोबाईलवर जाहिरात दिसली. अठरा फुटी, ९० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक ओबीएम (म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लटकणारं आउटबोर्ड इंजिन), ट्रेलरसकट सव्वाचार लाख. नवीचा भाव माहीत असणाऱ्याला हा आकडा गोड वाटणारच. दलालाने फोनवरच सांगितलं, "शेट, खाडीत चाललेली बोट आहे, वर गोडं पाणी जास्त. मीठ लागलेलंच नाही." हे वाक्य ऐकायला छान आहे, पण लाकडाच्या बाबतीत उलटं आहे. मीठ इंजिन खातं, हे खरं. फायबरच्या आतलं लाकूड मात्र बहुतेक वेळा कुजतं ते पावसाच्या गोड्या पाण्याने. खारं पाणी त्या बुरशीला थोडाफार अटकावच करतं. कोकणातल्या यार्डात चार महिने ताडपत्रीशिवाय पडलेली बोट ही समुद्रात रोज चालणाऱ्या बोटीपेक्षा जास्त धोक्याची.

यार्डात बोट लखलखत होती. निळा रंग ताजा, कन्सोलच्या बुडाशी नवीन पांढरं सिलिकॉन. आम्ही पोचलो तेव्हा ती आधीच पाण्यात उतरवलेली आणि इंजिन गरम. "सकाळीच पोरांनी चालवून बघितली," म्हणाला. गरम इंजिन कुणाचंही एका किल्लीत सुरू होतं. खरी परीक्षा थंड इंजिनाची, ती त्याने होऊच दिली नाही.

ट्रायलही हुशारीने दिली. त्याची दोन पोरं पुढच्या टोकाशी बसली, आम्हाला कन्सोलपाशी उभं केलं, आणि बोट सुटली ती परत धक्क्याला लागेपर्यंत थांबली नाही. वेगात बोटीचा तळ पाण्यावर उचलला जातो, तेव्हा ती किती जड आहे ते दिसत नाही. आम्ही म्हटलं, मध्येच जरा बंद करून बघू. "ओहोटी लागलीय शेट, गाळात अडकेल." डेकवरचं पाणी बाहेर जायला मागच्या बाजूला दोन भोकं असतात. चांगल्या बोटीत ती पाण्याच्या पातळीच्या वर राहतात, म्हणजे लाट आत आली तरी पाणी आपोआप निघून जातं. त्या भोकांत काळी रबरी बुचं ठोकलेली होती. का, ते विचारलं तर "कचरा जातो" हे उत्तर. बुचं काढली असती आणि बोट दोन मिनिटं जागेवर उभी राहिली असती, तर पाणी उलट्या दिशेने आत आलं असतं. पुढे धरणावर नेमकं तेच झालं.

आणखी एक गोष्ट. पेट्रोल येत होतं पंचवीस लिटरच्या प्लास्टिक कॅनमधून. या प्रकारच्या बोटींत पेट्रोलची टाकी बहुधा डेकखाली, कन्सोलच्या आसपास बसवलेली असते. "धरणावर मोठी टाकी कशाला, कॅन सोपा," हे त्याचं म्हणणं आम्हाला पटलंही. खरं कारण नंतर कळलं. ॲल्युमिनियमच्या टाकीला तिच्याभोवतीच्या ओल्या फोमने बाहेरून बारीक भोकं पाडली होती. ती बदलायची तर अख्खा डेक कापावा लागतो, म्हणून त्याने पाइप काढून कॅन जोडला.

पैशांची पद्धतही ऐका. टोकन यूपीआयने, काही रक्कम खात्यावर आणि दीड लाख रोख. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करारनामा, त्यात एक ओळ: "बोट जशी आहे तशी, पाहून व समाधान करून घेतली." करारात रक्कम फक्त खात्यावरची. रोखीचं विचारलं तर म्हणाला, "टॅक्सचं बघावं लागतं शेट, सगळे असंच करतात."

बोट ओढून आणताना कसारा घाटात गाडीवाल्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. तो रोज भिवंडी-नाशिक माल वाहणारा माणूस, बोटीतलं त्याला काही कळत नाही. पण ट्रेलर मागे ओढतोय कसा, हे त्याच्या पायाला कळत होतं. दलालाने कळवलेलं बोटीचं वजन साडेसातशे किलो. हा म्हणाला, "भाऊ, हे साडेसातशे किलो नाहीये. काहीतरी भरलंय यात." इगतपुरीच्या पुढे ट्रेलरचं चाक हात लावू देईना इतकं तापलं. घोटीत भाताच्या गिरण्या आहेत, त्यामुळे वजनकाटेही. तिथे जीप सोडवून फक्त ट्रेलर काट्यावर घेतला. पावती आली १६४० किलोची.

आता हिशेब बघा. बोट ७५० आणि इंजिन साधारण १२५, हे त्यानेच लिहून पाठवलेले आकडे. ट्रेलर आम्ही पुढे रिकामा तोलला, तो ३४० भरला. बॅटरी, नांगर, कॅन यांचे सढळ हाताने पन्नास धरा. बेरीज १२६५. वरचे पावणेचारशे किलो कुठून आले? पाणी. लिटरला किलो या हिशेबाने त्या बोटीच्या पोटात जवळपास दोन मोठे ड्रम पाणी बसलेलं होतं, आणि झुकवून, बुच काढून ते निघणारं नव्हतं, कारण ते फोममध्ये मुरलेलं.

फायबरच्या जुन्या बोटी नुसत्या फायबरच्या नसतात, ही माहिती नाशिकच्या माणसाला सहसा नसते. मागची फळी, जिला ट्रान्सम म्हणतात आणि जिच्यावर सगळं इंजिन लटकतं, ती बऱ्याचदा आतून प्लायवूडची असते, वरून फायबरचा थर. तळाशी लांबीच्या दिशेने लाकडी बीम, त्यांच्या मध्ये बोट बुडू नये म्हणून भरलेला फोम. इंजिनाचे बोल्ट, मासे शोधणाऱ्या यंत्राचा सेन्सर, गळ अडकवायच्या नळ्या, कन्सोलचे स्क्रू, सगळे या थराला भोक पाडून बसवलेले. एखाद्या भोकाचं सिलिकॉन सुटलं की पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. वरचा थर मात्र वर्षानुवर्षं तसाच चकाकतो.

अंबडला एमआयडीसीत एक फायबरवाला आहे, टाक्या आणि बसचे पार्ट बनवतो. बोट त्याने आयुष्यात पहिल्यांदा दुरुस्तीला घेतली असेल, पण फायबर त्याला ठाऊक. छोट्या हातोडीच्या प्लास्टिकच्या टोकाने तो ट्रान्समवर बोटाबोटाच्या अंतरावर ठोकत गेला. कडेला टक्‌ टक्‌ आवाज, मध्ये इंजिनाखाली नुसतं धप्प. मग म्हणाला, "शेठ, इंजिन वर उचला आणि खालच्या टोकाला धरून हलवा." मेहुण्याने हलवलं तशी अख्खी मागची फळी आत-बाहेर व्हायला लागली आणि बोल्टच्या कडेने तपकिरी पाणी ओघळलं. आतल्या बाजूने, खालच्या अंगाला एक बारीक ड्रिल मारलं. चांगल्या लाकडाचा भुसा कोरडा आणि फिकट येतो. इथे ड्रिलच्या पात्याला काळा, ओला, आंबूस वासाचा लगदा चिकटून आला. डेकवर गोल करवतीने तळहाताएवढं भोक पाडलं, तर खालचा बीम चहात बुडवलेल्या खारीसारखा बोटाने तुटत होता.

हे सगळं त्या यार्डात, पैसे देण्याआधी करता आलं असतं, ड्रिल आणि करवत सोडून. हातोडी मारायला कुणाची परवानगी लागत नाही. इंजिन उचलून हलवायलाही नाही. विकणारा नको म्हणाला, तर त्याच्या त्या नको म्हणण्यावरूनच काय ते समजावं.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. स्पार्क प्लग काढून मोटरसायकलच्या गॅरेजमधला कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरातला दाब मोजायचा काटा, लावला. तीन सिलिंडरपैकी दोन ११८ आणि १२०, तिसरा ८५. सिलिंडरांमध्ये साधारण दहा टक्क्यांपर्यंत फरक चालतो. खालच्या गिअरचं ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे सील गेलेलं आणि पाणी आत. कन्सोलवरचा तासांचा मीटर चारशे दाखवत होता, पण तो मीटर सहज बदलता येतो, त्याला काडीची किंमत देऊ नका. ज्या नव्या फोर-स्ट्रोक इंजिनांत संगणक असतो त्यांचे चाललेले तास कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला वाचता येतात. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ती सोय नाही.

कागदांत तर आणखी गंमत. इंजिनाच्या ब्रॅकेटवरची नंबरप्लेट नव्या रिव्हेटने ठोकलेली. बऱ्याच आउटबोर्ड इंजिनांत ब्लॉकवरच्या छोट्या गोल बुचावरही तोच नंबर असतो. आम्ही कव्हर काढून बघितला तर तो वेगळाच. ट्रान्समच्या उजव्या कोपऱ्यात बोट बनवणाऱ्याचा नंबर कोरलेला असतो, तिथे पुट्टी भरून रंग मारलेला. आणि पुढच्या टोकाला तिरपा टॉर्च धरला की निळ्या रंगाखाली जुन्या नोंदणीची अक्षरं उठून दिसत होती. त्याने दिलेल्या नोंदणीच्या झेरॉक्सशी त्यातलं एकही अक्षर जुळत नव्हतं, आणि झेरॉक्सवरची बोट आमच्यापेक्षा चार फूट लांब.

समुद्रातल्या मासेमारी बोटींची नोंद मत्स्यव्यवसाय विभागाकडे असते. धरणासारख्या पाण्यात यांत्रिक बोट चालवायची तर इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ आहे, आणि महाराष्ट्रात ते काम महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे आहे. शिवाय धरणासाठी जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. म्हणजे "नंतर नावावर करून देतो" हे शब्द ऐकले तर समजा की ती बोट तुमच्या नावावर कधीच होणार नाही. मूळ कागद हातात घ्या, फूटपट्टी घेऊन बोट मोजा, नंबर स्वतः वाचा.

दलालाला फोन केला तर पहिल्यांदा हसला. "तुम्ही बघून, चालवून घेतली. सही आहे." नंतर नंबरच ब्लॉक. पोलीस ठाण्यात पहिल्या भेटीत जे उत्तर मिळतं ते मिळालंच: ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. कुजलेल्या लाकडावर तक्रार पुढे सरकत नाही, कारण करारात "जशी आहे तशी" लिहिलंय आणि तो म्हणणार, मलाही माहीत नव्हतं. वकिलाने सल्ला दिला की लाकूड बाजूला ठेवा, नंबरावर या. खोटी प्लेट आणि दुसऱ्या बोटीचा कागद यात "मला माहीत नव्हतं" हे पटवणं अवघड. अर्ज नव्याने, भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ चा आणि बनावट कागदाचा उल्लेख करून, फोटोंसकट दिला, तेव्हा कुठे त्याला बोलावणं गेलं. त्याने व्हॉट्सॲपवर स्वतःच्या हाताने पाठवलेलं "वजन ७५० केजी, इंजिन नंबर ओरिजिनल" आणि घोटीच्या काट्याची पावती, या दोन गोष्टी अर्जात सगळ्यात वजनदार ठरल्या. असले मेसेज पुसू नका, फोन बदलला तरी जपा.

दुरुस्तीचा अंदाज फायबरवाल्याने साडेतीन लाख दिला, इंजिन सोडून. आम्ही नको म्हटलं. बोट शेडमध्ये पडून आहे, पुरावा म्हणून ती विकता येत नाही आणि कापताही येत नाही. पिंजऱ्यांवर परत जुनी होडी, दोन खेपा जास्त. दलाल आता मध्यस्थामार्फत अडीच लाखांवर तडजोडीची भाषा करतोय. रोख दिलेल्या दीड लाखाचा त्याच्या बोलण्यात कुठेच पत्ता नाही, आणि करारात तो आकडा नसल्यामुळे आमच्या तक्रारीतही वकिलाने तो कंसात, "तोंडी सांगण्यानुसार" असा घातलाय.