टायरोसिन घ्यावं की ५-एचटीपी?

परवा दुपारी नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एका काकूंनी पर्समधून दोन डब्या काढून ठेवल्या. एकीत एल-टायरोसिन ५०० मिलिग्रॅम, दुसरीत ५-एचटीपी १०० मिलिग्रॅम. पुण्याच्या लेकीने ऑनलाइन मागवून पाठवलेल्या. "थकवा जात नाही, कशात मन लागत नाही, अन् संध्याकाळी गोड खाल्ल्याशिवाय राहवत नाही. यातली कोणती घेऊ?" त्याच पर्समधून एस्सिटालोप्राम या नैराश्यावरच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी डोकावत होती. ती दिसली म्हणून बरं झालं.

टायरोसिन हे प्रोटीनमधलं एक अमिनो आम्ल. त्यापासून शरीर डोपामिन आणि नॉरएड्रेनालिन ही मेंदूतली निरोप नेणारी रसायनं बनवतं, म्हणून लोक ते तरतरीसाठी सकाळी घेतात. जागरण किंवा कडाक्याची थंडी सोसताना डोकं चालतं ठेवायला त्याची थोडी मदत होते, असं प्रयोगांत दिसलंय. महिनोन्‌महिन्यांच्या उदासीवर ते काम करतं असा भक्कम पुरावा मात्र नाही. ५-एचटीपीपासून सेरोटोनिन हे तसंच दुसरं रसायन बनतं. मूड, झोप, गोडाची ओढ या तिन्हींसाठी खपतं ते हेच. भूक कमी झाल्याचं ज्या छोट्या अभ्यासांत दिसलं तिथे डोस रोज ९०० मिलिग्रॅमपर्यंत होता, आणि मळमळही होत होती. १०० मिलिग्रॅमच्या गोळीकडून मी ती अपेक्षा ठेवणार नाही.

पण काकूंचा निर्णय फायद्यावर नाही, त्या पट्टीवर ठरला. एस्सिटालोप्राम, त्याच जातीची सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन किंवा दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल चालू असताना वरून ५-एचटीपी घेतलं तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढू शकतं. हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, छाती धडधडते, जुलाब, ताप, जिवाची घालमेल. असं झालं तर घरी वाट बघत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि ५-एचटीपी घेता यावं म्हणून डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करणं तर त्याहून वाईट.

टायरोसिनही अगदी निरुपद्रवी नाही. थायरॉइड हार्मोन त्यापासूनच बनतं, त्यामुळे ते हार्मोन आधीच जास्त बनत असेल (हायपरथायरॉइड) तर नकोच. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा चालू असेल तर टायरोसिन त्याच्या शोषणात आडवं येतं. घाबरल्यासारखं होणाऱ्यांची धडधड वाढू शकते. बायपोलरचा (मूडच्या टोकाच्या चढउतारांचा) त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्हींना हात लावू नये. गोडाच्या ओढीवर ग्लुटामिन या आणखी एका अमिनो आम्लाची पूडही सुचवतात. पुरावा तोकडा, आणि लिव्हर-किडनीचं दुखणं असेल तर दूरच ठेवा.

कोणती औषधं चालू नाहीत, डॉक्टरांचीही हरकत नाही, तरच निवड सोपी होते. सकाळचा आळस ही मुख्य तक्रार असेल तर टायरोसिन उपाशीपोटी, झोप आणि मूड असेल तर ५-एचटीपी ५० मिलिग्रॅमपासून, संध्याकाळी. दोन्ही एकदम सुरू करू नका, नाहीतर त्रास कशाचा ते कळणारच नाही. डबीवर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) १४ आकडी नंबर नसेल तर परत करा. १९८९ मध्ये अमेरिकेत अशुद्ध ट्रिप्टोफॅनमुळे (शरीर ५-एचटीपी ज्यापासून बनवतं ते अमिनो आम्ल) दीड हजारांहून जास्त लोक आजारी पडले होते. डबीत नेमकं काय आहे, याची काळजी मला तेव्हापासूनच्या त्या इतिहासामुळेही वाटते.

मग काकूंना दिवसभराचं जेवण विचारलं. सकाळी पोहे, तेही तर्रीतले चणे बाजूला सारून. दुपारी वरण-भात, त्यात वरण पातळ. संध्याकाळी चहा-टोस्ट. वजन ६० किलो, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम प्रोटीन तरी पोटात जायला हवं. यात निम्मंही भरत नसावं. अमिनो आम्लं येतात ती प्रोटीनमधूनच, आणि १०० ग्रॅम फुटाण्यांत साधारण २० ग्रॅम प्रोटीन असतं. शिवाय घर पक्कं शाकाहारी, आणि बी-१२ कधी तपासलेलंच नाही.

५-एचटीपीची डबी त्यांनी माझ्यासमोरच लेकीला परत पाठवायच्या पिशवीत टाकली. टायरोसिनची अजून फोडलेली नाही. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि बी-१२ चे रिपोर्ट शुक्रवारी मिळतील, ते घेऊन आधी त्यांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलंय. जाताना पाव किलो फुटाणे कुठे चांगले मिळतात, तेही विचारून गेल्या.