स्वतःचे स्पेल स्वतः रचणे : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधुनिक विचक्राफ्टकडे, म्हणजे पाश्चात्त्य जादूविधींच्या साधनेकडे, वळणाऱ्या नवख्या माणसाला बहुधा असा सल्ला मिळतो की, पुस्तकातले किंवा विकत आणलेल्या संचातले तयार स्पेल, म्हणजे एखादा हेतू धरून ठरावीक शब्द म्हणत करायचे छोटे विधी, आधी जसेच्या तसे करून पाहावेत आणि स्वतःची रचना पुढे कधीतरी करावी. मी सुरुवातीपासूनच स्वतः रचत आले. काही महिन्यांच्या नियमित साधनेनंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, या मार्गात शिकण्यासारखे जे आहे, ते बहुतेक सगळे रचण्याच्या टप्प्यावरच हाती लागते.

मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनमध्ये राहते. विक्का या विचक्राफ्टवर आधारलेल्या आधुनिक पंथाच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या डोरीन व्हॅलिएंटे याच शहरात राहत होत्या आणि त्यांच्या राहत्या इमारतीवर 2013 मध्ये निळी स्मृतिपाटी लागली. जादूचा दावा करणाऱ्यांना शिक्षा देणारा 1735 चा कायदा ब्रिटनमध्ये 1951 साली रद्द झाला आणि त्यानंतर जेराल्ड गार्डनर यांनी हा पंथ उघडपणे लोकांपुढे आणला. 1953 मध्ये दीक्षा घेतलेल्या व्हॅलिएंटेंच्या लक्षात आले की, गार्डनर यांच्या विधिवहीतला बराच मजकूर गूढविद्येवर लिहिणारे इंग्रज लेखक अलिस्टर क्रोली यांच्या लेखनातून उचललेला आहे. तो बाजूला सारून त्यांनी पुष्कळसा भाग स्वतः नव्याने लिहिला. त्यामुळे ‘नवख्याने स्वतःचे शब्द वापरणे म्हणजे परंपरेचा अनादर’ असे कोणी म्हणते, तेव्हा मला ते पटत नाही. ही परंपराच अशा पुनर्लेखनातून उभी राहिली आहे.

रचनेतला सर्वांत कठीण आणि सर्वांत लाभदायक भाग म्हणजे हेतू एका वाक्यात लिहिणे. ‘मला यश मिळावे’ हे वाक्य कागदावर उतरवले की, त्यात धरण्याजोगे काहीच नाही हे लगेच दिसते. कोणत्या कामात, किती दिवसांत, आणि यश मिळाले हे मला कशावरून कळणार, असे प्रश्न विचारत गेल्यावर तेच वाक्य ‘मुलाखतीत माझा आवाज स्थिर राहावा आणि मला जे येते ते मला नीट सांगता यावे’ इथपर्यंत येते. एवढे स्पष्ट झाले की मेणबत्ती पेटवण्यापूर्वीच अर्धे काम झालेले असते, असा माझा अनुभव आहे. हेतू नकारात्मक शब्दांत मांडू नये, हा विक्काच्या मंडळींत सर्रास दिला जाणारा सल्लाही मला उपयुक्त वाटला, कारण ‘भीती नको’ असे म्हणताना मन भीतीभोवतीच घोटाळत राहते.

दुसरा प्रश्न भाषेचा होता. इंग्रजी स्पेल बहुधा यमक जुळवलेल्या दोन-दोन ओळींचे असतात. त्यांची लय माझ्या जिभेवर बसली नाही. पाठांतर व्हायचे, पण म्हणताना अंगात काही भिनायचे नाही. मग मी ओवीकडे वळले. पहिल्या तीन चरणांचे यमक आणि चौथा आखूड चरण ही घडण स्पेलसाठी जणू बेतलेली आहे : तीन चरणांत मागणे चढत जाते आणि चौथ्यावर श्वास आपोआप थांबतो. मुलाखतीसाठी मी रचलेली ओवी अशी होती :

ज्योत उभी स्थिर राहो, शब्द माझा धीर वाहो,
वाट पुढे नीट पाहो, मन माझे॥

काव्य म्हणून हिची मातब्बरी नाही, परंतु ज्योतीकडे पाहत ती सावकाश घोळवल्यावर श्वास संथ होतो आणि मुलाखतीच्या खोलीबाहेर बसल्यावर तीच लय मनातल्या मनात परत धरता येते. जात्यावर बसून ओव्या रचणाऱ्या बायकांनी आपले दुःख आणि आपली मागणी स्वतःच्या शब्दांत बांधली होती. त्या घरातल्या मुलीने विधीचे शब्द उसने का आणावेत, असे मला मनापासून वाटते.

काळाच्या निवडीबाबत मी सुरुवातीला साशंक होते. वाढवायच्या गोष्टींसाठी चढता चंद्र आणि घटवायच्या, सोडून द्यायच्या गोष्टींसाठी उतरता चंद्र, हा नियम शुक्ल आणि कृष्ण पक्षाच्या सवयीमुळे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. त्याचा जो फायदा मला प्रत्यक्षात झाला, तो मात्र वेगळाच आहे. चंद्राचे आवर्तन साधारण साडेएकोणतीस दिवसांचे असल्यामुळे योग्य पक्षासाठी कधीकधी जवळजवळ दोन आठवडे थांबावे लागते, आणि रागाच्या भरात लिहिलेला हेतू तेवढ्या काळात बहुधा टिकत नाही. एका ओळखीच्या व्यक्तीशी संबंध तोडण्यासाठी लिहिलेले स्पेल मी अशा प्रतीक्षेत तीनदा बदलले, आणि शेवटी उरले ते फक्त माझ्या मनातली चिडचिड शांत होण्याचे मागणे. इंग्लंडच्या हिवाळ्यात चंद्र आठवडाभर ढगांआड राहतो, तेव्हा पंचांगच उपयोगी पडते.

साहित्यावर फार खर्च करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. एका दुकानातून घेतलेल्या संचात रंगीत मेणबत्त्या, कसल्याशा वाळक्या पानांची पुडी आणि छापील स्पेल होते. पुडीत कोणती वनस्पती आहे हे कुठेही लिहिलेले नव्हते, आणि ज्या वनस्पतीचे नाव माहीत नाही ती बंद खोलीत जाळणे मला अजिबात मान्य नाही. साधी टी-लाइट मेणबत्ती सुमारे चार तास जळते, तेवढी एका विधीला पुरून उरते. रोझमेरी, लव्हेंडर, मीठ आणि दोरा एवढ्यावर माझे जवळजवळ सगळे विधी झाले. दोऱ्याच्या गाठी मला विशेष आवडल्या : उत्तर युरोपात खलाशांना गाठींत बांधलेला वारा विकला जात असे, अशी जुनी लोकसमजूत आहे, आणि एकेका गाठीबरोबर एकेक चरण म्हणत गेल्यास लक्ष विचलित होत नाही. कागदाऐवजी बे लीफवर, म्हणजे युरोपीय स्वयंपाकातल्या लॉरेलच्या पानावर, हेतू लिहून जाळण्याची पद्धत आहे. मात्र ते पान म्हणजे आपले मसाल्यातले तमालपत्र नव्हे. तमालपत्रावर लांबीच्या तीन शिरा असतात, बे लीफला मधोमध एकच असते, आणि दोन्हींचा वास अगदी निराळा आहे. मी तमालपत्रच वापरते, कारण त्याच्या वासाशी माझ्या आठवणी जोडलेल्या आहेत आणि स्वतःच्या रचनेत अशी जोडणीच महत्त्वाची असते. पांढऱ्या सेज या सुगंधी वनस्पतीची जुडी जाळणे मी टाळते. तो अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजांच्या विधींचा भाग आहे आणि शोभेची वस्तू म्हणून तो उचलणे मला योग्य वाटत नाही. मीठ बागेत पुरू नये, झाडे मरतात. घरात मांजर असेल तर टी ट्रीसारखी सुगंधी तेले दूर ठेवावीत, ती मांजरांना विषारी असतात.

परिणामांविषयी प्रामाणिकपणे लिहायचे, तर वही ठेवल्याशिवाय काहीही बोलता येत नाही. तारीख, चंद्रकला, हेतू, शब्द आणि साहित्य हे मी त्याच दिवशी लिहिते, आणि महिन्याने त्याखाली काय घडले ते नोंदवते, काहीच घडले नसले तरीही. त्या नोंदींतून दिसते ते असे : धीर, झोप, एकाग्रता, मनातली अढी अशा माझ्याच आत घडणाऱ्या गोष्टींसाठीच्या स्पेलचा उपयोग झाला, भाड्याचे घर मिळणे किंवा पैसे येणे अशा बाहेरच्या गोष्टींवर कोणताही फरक आढळला नाही. झोपेसाठी केलेल्या विधीत उशीखाली लव्हेंडरची पुरचुंडी आणि फोन खोलीबाहेर ठेवण्याची अट होती. त्यातला किती वाटा फोनचा, हे मी वेगळे करू शकत नाही. आजारपणावर मी एकही स्पेल लिहिलेले नाही, तिथे डॉक्टरच हवेत.

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात इथे जादूटोणाविरोधी कायद्याचा विचार येणे स्वाभाविक आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची ऑगस्ट 2013 मध्ये हत्या झाली आणि त्यांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला तो कायदा त्याच वर्षी झाला. चमत्काराच्या दाव्याने लोकांना फसवणे, एखाद्यावर करणीचा ठपका ठेवून त्याचा छळ करणे अशी कृत्ये त्यात गुन्हा ठरतात. या कायद्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. म्हणूनच दुसऱ्यासाठी पैसे घेऊन विधी करायचा नाही, कोणाच्याही नावाने त्याच्या संमतीवाचून काही मागायचे नाही आणि आपल्या संकटाचे खापर कोणाच्या माथी फोडायचे नाही, ही बंधने मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत. कोणालाही इजा होऊ न देण्याची विक्काची शिकवणही हेच सांगते. एखाद्या विशिष्ट व्यक्तीला वश करण्याची स्पेल जिथे तिथे विकली जातात, ती मला सर्वथा निषिद्ध वाटतात.

ज्यांना हे करून पाहायचे असेल, त्यांनी एक कोरी वही, एक मेणबत्ती आणि फक्त स्वतःशी निगडित असा एकच लहान हेतू घ्यावा. पहिला आठवडा केवळ ते एक वाक्य सुधारण्यात घालवला तरी चालेल. ज्योत जळत असताना खोली सोडू नये, आणि महिन्यानंतरच्या नोंदीसाठी वहीत आधीच जागा मोकळी ठेवावी.