नऊ महिने अँड्रॉइडवर: मामांच्या द्राक्षबागेसाठी ॲप करताना

सातपूर एमआयडीसीतली नोकरी सांभाळून रात्री तास-दीड तास कोड लिहायचा, हा माझा छंद. गेल्या सप्टेंबरात निफाड तालुक्यातल्या मामांनी त्याला काम दिलं. द्राक्षबागेत सगळा हिशोब छाटणीपासूनच्या दिवसांवर चालतो. आज कितवा दिवस, शेवटची फवारणी कशाची, तिचा पीएचआय (फवारणी ते काढणी यांत ठेवायचं अंतर) कधी संपतो, हे मामा वहीत लिहायचे आणि वही नेमकी शेडमध्ये राहायची. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी (फळासाठीची छाटणी) हे सगळं त्यांना खिशात हवं होतं.

मामांकडे अँड्रॉइड, मामेभावाकडे आयफोन आणि मॅकबुक. म्हणून दोन्हीकडे करून पाहिलं.

आयफोनचं मला मनापासून आवडलं. सिम्युलेटर (संगणकावरचा नकली आयफोन) झटकन उघडतो, फवारणीची आठवण (रिमाइंडर) ठरल्या मिनिटाला वाजते. पण आयफोनची ॲप बनवायचं एक्सकोड मॅकशिवाय चालत नाही, आणि फुकटच्या ॲपल आयडीने टाकलेलं ॲप ७ दिवसांनी उघडेनासं होतं. पुन्हा मॅकला जोडा, पुन्हा टाका. नाहीतर वर्षाला ९९ डॉलर भरा. एका बागेच्या वहीसाठी दरवर्षी एवढे पैसे मला पटले नाहीत.

अँड्रॉइडला एपीके (ॲप बसवायची) फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली, मामांना फोनवरून एक परवानगी द्यायला सांगितली, झालं. माझ्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) आणि एम्युलेटर (नकली अँड्रॉइड फोन) एकत्र चालवणं म्हणजे शिक्षा आहे. एम्युलेटर पहिल्याच आठवड्यात बंद केला आणि जुना फोन केबलने जोडून त्यावरच चाचणी घेत राहिलो. नव्याने सुरू करणाऱ्यानेही तेच करावं. भाषा कोटलिन घेतली. एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप बनवणारं फ्लटर पाहिलं, पण मला आता फक्त अँड्रॉइडसाठी लिहायचं होतं.

आता खरा त्रास. माझ्या फोनवर ॲप बरोबर दिवस मोजायचं, मामांच्या फोनवर मात्र रोज शून्यावाच दिवस. दोन रात्री गेल्या तेव्हा कळलं, मामांचा फोन मराठीत आहे. तारीख साठवताना मी फोनचीच भाषा वापरली होती, त्यामुळे डेटाबेसमध्ये आकडे देवनागरीत गेले आणि एसक्यूलाइटला (फोनमधल्या डेटाबेसला) ती तारीख वाटेचना. साठवताना लोकेल रूट (कुठल्याच भाषेची नसलेली सेटिंग), दाखवताना मराठी, एवढा बदल केला. मराठी माणसांसाठी ॲप करणाऱ्याने पहिल्या दिवशीच स्वतःचा फोन मराठीत करून ठेवावा.

जानेवारीत त्याहून मोठा धक्का बसला. लॅपटॉपची डिस्क गेली. कोड गिटहबवर (ऑनलाइन) होता, पण डिबग कीस्टोअर, म्हणजे ॲपवर सही करायची किल्ली असलेली फाइल, नव्हती. नव्या लॅपटॉपवर बनवलेलं ॲप जुन्यावर बसेना, कारण सही वेगळी. जुनं काढावं तर गोडी छाटणीपासूनच्या सगळ्या फवारण्या पुसल्या जाणार, आणि माल काढायला आलेला! मामा काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "वहीत नाही रे लिहिलं यंदा." त्या रविवारी फोन घेऊन बसलो. डिबग (चाचणीसाठीचं) बिल्ड होतं म्हणून केबलवरून फोनला हुकूम देणाऱ्या एडीबीच्या रन-ॲज कमांडने डेटाबेस फाइल बाहेर काढता आली. पहिल्या खेपेला शेवटच्या काही नोंदी दिसेनात. त्या शेजारच्या वॉल फाइलमध्ये होत्या (ताज्या नोंदी डेटाबेस आधी तिथे लिहितो). तीही उचलली आणि सगळं परत मिळालं. आता सहीची स्वतःची कायमची किल्ली (रिलीज की) पेनड्राइव्हवर आहे आणि ॲपमध्ये 'नोंदी बाहेर काढा' असं ठळक बटण आहे.

फवारणीच्या आठवणी वाजवण्याच्या बाबतीत अँड्रॉइडवर माझा अजूनही राग आहे. अँड्रॉइड ६ पासून डोझ (पडून असलेल्या फोनला झोपवणारी सोय) आला, १२ पासून नेमक्या वेळेच्या अलार्मला वेगळी परवानगी, १३ पासून नोटिफिकेशनलाही. हे समजून घेता येतं. पण काही फोन कंपन्या बॅटरी वाचवायला मागे (पडद्याआड) चालणारं ॲप सरळ मारून टाकतात. मामांच्या फोनवर वाजतं, शेजारच्या बागाईतदाराच्या फोनवर वाजत नाही. त्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीची मर्यादा हाताने काढावी लागली. डावणीच्या (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या) दिवसांत एक फवारणी चुकली तर काय होतं, हे घड बघणाऱ्यालाच कळतं.

होम स्क्रीनवरचं विजेट मात्र फार कामाला आलं. मोठ्या अक्षरात फक्त दिवसाचा आकडा. मामा ॲप क्वचितच उघडतात, विजेट रोज बघतात.

प्ले स्टोअरवर अजून गेलो नाही. नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरायचे आहेत, पण नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. शिवाय स्टोअरबाहेरून टाकायच्या ॲपसाठीही डेव्हलपरची ओळख पडताळली जाणार, असं गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलंय. सुरुवात काही मोजक्या देशांपासून. ते आपल्याकडे येण्याआधी माझी नोंदणी उरकायची आहे. एप्रिलच्या खरड छाटणीची (माल निघाल्यावरची छाटणी) तारीख मामांनी स्वतःच टाकली, आणि आता शेजारचे आणखी दोघे ॲप मागतायत.