वाचनाचे गट: स्तरानुसार की मिश्र?

दुसरी-तिसरीच्या वर्गात वाचनासाठी पाच-सहा मुलांचे गट करायचे ठरले, की ते कसे पाडायचे यावर शिक्षकांचे अडते. सगळ्या वर्गाने एका सुरात धडा म्हणण्याची जुनी रीत येथे बाजूला ठेवतो, कारण त्या गलक्यात एखादे मूल खरोखर वाचते आहे की नुसतेच सूर मिळवते आहे, हे कळत नाही.

स्तरनिहाय गटांत अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा टप्प्यांनुसार मुले बसतात; ‘प्रथम’ संस्थेच्या कामामुळे ही विभागणी आपल्या परिचयाची आहे. यात अडखळण्याचे नेमके ठिकाण सापडते. कोल्हापूरचे मूल पंचगंगेचे नाव रोज ऐकते, पण छापील शब्द समोर आला की ‘पचगगा’ वाचून थबकते, म्हणजे अक्षरे येतात आणि अनुस्वार निसटतो. अशी चौघे एका सतरंजीवर असली, तर ‘रंकाळा’, ‘अंबाबाई’ आणि ‘आंबा’ या तीन शब्दपट्ट्यांवर पंधरा मिनिटे सत्कारणी लागतात. मात्र गटांना चिमणी, पोपट, मोर अशी कितीही गोड नावे दिली, तरी मोर कोण हे मुलांना दुसऱ्याच दिवशी समजते. दर सहा-आठ आठवड्यांनी प्रत्येकाचे वाचन स्वतंत्रपणे ऐकून गट बदलण्याची तयारी नसेल, तर ही पद्धत न स्वीकारलेलीच बरी.

मिश्र गटात सरावलेले मूल वाचते, इतर ओळीवर बोट फिरवतात आणि मग गोष्टीवर बोलणे होते. सीमाभागातल्या ज्या मुलाच्या घरी कन्नड बोलतात, त्याला शब्दाचा अर्थ येथे सोबत्यांकडूनच मिळतो. धोका एवढाच, की पुस्तक एकाच्याच हातात राहते.

वेळेचा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे: ३० मुलांचे पाच गट केले आणि रोज दोन गटांजवळ पंधरा-पंधरा मिनिटे बसले, तर सहा दिवसांच्या आठवड्यात प्रत्येक गट दोनदा तरी हाताखालून जातो. त्या वेळी उरलेल्यांना चित्रवाचन किंवा जोडीवाचन आधीच नेमून द्यावे लागते.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचे लक्ष्य आहे. वेग आणि समज या दोन्ही गोष्टी एकाच प्रकारच्या गटातून साधत नाहीत. म्हणून माझ्या मते, मूल अक्षराशी अडत असेल तोवर स्तरनिहाय गट घ्यावा, आणि ते सरळ वाचूनही ‘गोष्टीत काय झालं?’ या प्रश्नावर गप्प बसत असेल तर मिश्र गट घ्यावा.

गगनबावडा-शाहूवाडीकडच्या दोनशिक्षकी शाळांत पहिली ते चौथीची मुले एकत्र करून स्तर लावणे सोयीचे पडते. तेथे चौथीचा मुलगा दुसरीच्या मुलांत बसायला लाजतो. त्याच्याकडे शब्दपट्ट्या वाटण्याचे काम दिले, तर प्रत्येक पट्टी देण्यापूर्वी ती त्याला निदान एकदा वाचावीच लागते.