रिटायरमेंटनंतर अलिबाग की गुहागर?
आमच्या घरात वर्षभर हाच वाद चाललाय. ही म्हणते अलिबाग, मी म्हणतो गुहागर.

अलिबागचा मोठा प्लस म्हणजे मुंबई जवळ, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवली की तासाभरात मांडवा, म्हणजे नातवंडं वीकेंडला येणार (निदान येतो म्हणणार तरी). जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळे सिव्हिल हॉस्पिटल गावातच, ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यापर्यंत जाऊन यायचं, भरतीची वेळ मात्र बघूनच निघायचं. पण जागांचे भाव ऐकले की बीपी वाढतं आणि शनिवार-रविवार रस्त्यावर नुसत्या गाड्या.

गुहागरला तसं काही नाही, रेल्वेसुद्धा नाही, चिपळूण स्टेशन साधारण ४५ किलोमीटर, रात्री छातीत दुखलं तर काय हा हिचा प्रश्न आणि त्याला माझ्याकडे खरंच उत्तर नाहीये. पण वाडीचं घर घेतलं ना की जिम लागत नाही हो, सकाळी नारळी-पोफळींना शिंपणं, मग सुपारी गोळा करा, वाळत घाला, पाऊस आला की धावत जाऊन आत घ्या, उन्हाळ्यात आमसुलं, आणि संध्याकाळी तो लांबलचक किनारा, व्याडेश्वराच्या देवळात दोन ओळखीची माणसं भेटतातच. पंच्याहत्तरीचे आजोबा तिथे रहाटाच्या पाण्याने आंघोळ करतात, आमच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली तर मीटिंग बोलावतात!

सध्या ठरलंय, जूनमध्ये गुहागरला महिनाभर भाड्याने राहून बघायचं, कारण कोकण डिसेंबरात सगळ्यांनाच आवडतं.